जुनी स्की बदलायची आहे: किती रुंद, किती लांब, आणि बाइंडिंगचं काय?

फोंड्याहून तुम्ही तुमची जुनी जोडी घेऊन पेडण्याला आलात तेव्हा पावसाने जोर धरला होता आणि तुम्हाला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न असा होता: 2009 साली घेतलेली, 168 सेंटिमीटर लांब आणि बुटाखाली 76 मिलिमीटर रुंद अशी स्की आता बदलायची आहे. दर फेब्रुवारीत आठ-दहा दिवस गुलमर्ग, तीन-चार वर्षांतून एकदा परदेश. उंची 172 सेंटिमीटर, वजन 78 किलो, वय 49. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर छान जमतं, पण ताजा बर्फ पडला की स्कीचं टोक आत घुसतं, मांड्या भरून येतात आणि जेवणानंतर खुर्ची गाठावी लागते. नवी घेताना 88 ची घ्यावी की 100 ची? आणि जुनं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, काढून नवीवर बसवता येईल का?

माझं मत आधी सांगून टाकतो. 94 ते 98 मिलिमीटर रुंद, 175 च्या आसपास लांब, पुढचं टोक बऱ्यापैकी उचललेली आणि फार कडक नसलेली स्की घ्या. जुनं बाइंडिंग नवीवर बसवू नका. आणि या दोन्हींच्या आधी बूट तपासून घ्या.

तुमची जोडी मी तुमच्यासमोरच टेबलावर घेतली होती. तेव्हा मी काय बघत होतो ते सांगतो, कारण ही तपासणी कुणालाही घरी करता येते. दोन्ही स्कींचे बेस, म्हणजे तळ, एकमेकांना लावून धरले की मधोमध बोटभर फट दिसायला हवी. ती फट म्हणजे कॅम्बर. तुमच्या जोडीत जेमतेम पोस्टकार्ड सरकेल एवढी फट उरली आहे. मधे दाबून सोडली की चांगली स्की हाताला उसळी देते. तुमची वाकते आणि सावकाश सरळ होते. मग एजवर, म्हणजे कडेच्या पोलादी धारेवर, नख आडवं ओढलं. धार असेल तर नखाचा पांढरा भुगा निघतो. तुमच्या एजवरून नख नुसतं घसरलं, आणि डाव्या स्कीच्या मागच्या टोकाकडे वीतभर अंतरात गंजाचे खड्डे बोटाला लागले. वरवरची तांबूस झाक रबरी दगडाने दोन मिनिटांत जाते, तिची काळजी नसते. खड्डे काढायचे तर एजच घासून कमी करावी लागते, आणि तुमच्या स्कीवर घासायला आता तेवढं पोलाद शिल्लक नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते शेवटच्या स्क्रूचं. टाचेकडच्या पट्टीचा एक स्क्रू पकड न घेता नुसता फिरत होता. बाहेर काढला तर आट्यांत तपकिरी, ओलसर भुगा. स्कीच्या पोटात लाकूड असतं, बहुतेक पॉप्लर, बीच, अ‍ॅश किंवा पॉलोनियाच्या पट्ट्या चिकटवून केलेलं. त्या भोकातून ओल आत गेली आणि लाकूड कुजलं. बर्फावर तुमच्या स्कीचे जेमतेम शे-सव्वाशे दिवस झाले असतील. कोरड्या हवेच्या देशात ती अजून काही हंगाम सहज चालली असती. पण मधले सगळे पावसाळे तिने फोंड्याच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काढले. तिला बर्फाने नाही, आपल्या जूनने संपवलं. तेव्हा ती दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. बदलायचा तुमचा निर्णय बरोबर आहे.

आता बूट. तुम्ही त्यांचं नावही काढलं नाहीत, आणि मला खरी काळजी त्यांचीच आहे. बुटाचं कवच बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. हे प्लास्टिक वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलं की ओलाव्याने आतून तुटत जातं. वरून चकचकीत दिसतं, पण ताकद गेलेली असते. माझ्याबरोबर गुलमर्गला आलेल्या म्हापशाच्या एका मित्राचे बूट असेच होते, वापर कमी आणि कपाटातला मुक्काम मोठा. कोंगडोरीला, म्हणजे तिथल्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) मधल्या स्थानकावर, थंडीत त्याने वरचं बकल ओढलं आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. टाचेपासून घोट्यापर्यंत कवच उभं चिरलं होतं. हे बसल्या जागी झालं म्हणून तो गोंडोलाने सुखरूप खाली आला. तेच उतारावर वेगात झालं असतं तर गुडघा गेला असता. मी त्या प्रसंगापासून दहा वर्षांवरचे, गोव्यात ठेवलेले बूट कुणालाही घालू देत नाही.

दुसरं असं, की मांड्या भरून येण्यात बुटाचा वाटा मोठा असतो. आतलं अस्तर दबून सैल झालं की टाच उचलली जाते, माणूस तोल सावरायला मागे झुकतो आणि सगळं वजन मांडीवर येतं. घरी अस्तर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहा. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे एकावर एक धरलेली दोन बोटं, एवढी ठीक. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा आहे. यंदा बूट किंवा स्की यांपैकी एकच परवडणार असेल तर बूट घ्या, आणि स्की गुलमर्गला भाड्याने घ्या. हे मी मनापासून सांगतो. नव्या स्कीचा आनंद मोठा असतो हे मला माहीत आहे, पण सैल बुटात तो अर्धाही मिळत नाही.

रुंदीकडे येऊ. साधारणपणे 80 च्या खालची स्की दाबलेल्या उताराची, 80 ते 100 ची सगळीकडे चालणारी, आणि त्यापुढची मऊ खोल बर्फाची, असं धरतात. रुंद स्की ताज्या बर्फावर का तरते ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही; अरुंद पाट आणि रुंद तराफा पाण्यावर कसे बसतात ते आपण पाहिलेलं आहे. पण रुंदीची किंमत कडक बर्फावर मोजावी लागते. बूट स्कीच्या मधोमध, आणि धार कडेला. कड बुटापासून जितकी दूर तितका स्कीला कलवायला जोर जास्त, आणि तो जोर घोटा आणि गुडघा देतात. एका धारेवरून दुसरीवर यायला वेळही जास्त लागतो. 105 ची स्की दिवसभर कडक उतारावर चालवली की संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला जी ठणक लागते, ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणाला नको असते.

गुलमर्गचा विचार इथे करायला हवा. युरोपात चार दिवस बर्फ पडला नाही तरी रोज रात्री यंत्रं उतार दाबून गुळगुळीत करतात. गुलमर्गला असे दाबलेले उतार थोडे आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,980 मीटरवर. त्यावरचा बहुतेक सगळा डोंगर जसा पडला तसा बर्फ. चिल्लई कलां, म्हणजे काश्मिरातले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, संपता संपता, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत, तो गुडघाभर कोरडा मिळू शकतो. दोन दिवस गेले की माणसांच्या वाटांनी तुडवला जातो, वर वाऱ्याने पापुद्रा धरतो, खाली देवदारांच्या सावलीत मऊच राहतो. गुलमर्गखालच्या बाबारेशीकडे उतरताना एकाच धावेत हे तिन्ही प्रकार लागतात. तिथे 88 ची स्की चालते, पण तुमची तक्रार आहे ती पूर्ण भागणार नाही. 76 वरून 88 वर गेलात तर सुधारणा जाणवेल. 96 वर गेलात तर तुमचा दुपारनंतरचा वेळ परत मिळेल.

मग सरळ 100-105 का नको? कारण बर्फ दरवर्षी येतोच असं नाही. 2024 चा जानेवारी आठवा, गुलमर्गचं कुरण महिनाअखेरपर्यंत उघडं पडलं होतं. तुमचे वर्षातले दिवसच आठ-दहा. त्यातले चार कडक बर्फाचे निघाले आणि हाताशी एकच जोडी असेल, तर ती दोन्हीकडे निभावली पाहिजे. परदेशात गेलात तर तिथे तुमचा बहुतेक वेळ दाबलेल्या उतारांवरच जाणार. म्हणून 94 ते 98. तुम्ही फक्त गुलमर्गला, तेही बर्फाचा अंदाज पाहून ऐनवेळी जाणारे असता, तर मी 102 म्हटलं असतं.

2009 नंतर स्कीत खरा बदल झाला तो रुंदीपेक्षा टोकाच्या उचलीत, ज्याला रॉकर म्हणतात. तुमच्या स्कीला नुसता कॅम्बर आहे. पुढचं टोक बर्फाला टेकूनच असतं, म्हणून खोल बर्फात ते आधी घुसतं आणि तुम्ही मागे झुकून त्याला वर काढत बसता. रॉकरवाल्या स्कीचं टोक बरंच आधीपासून वर वळायला लागतं, होडीची नाळ उचललेली असते तसं. 2002 च्या सुमारास शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या कल्पनेतून अशी पूर्ण उलट वाकाची स्की बाजारात आली. त्याला ती सुचली पाण्यावरच्या स्कीवरून. आता सगळीकडे चालणाऱ्या स्कीत बहुधा टोकाला रॉकर आणि बुटाखाली कॅम्बर असतो, म्हणजे वर तरतेही आणि कडक बर्फावर धरतेही. मात्र यामुळे सपाट उतारावर स्कीचा बर्फाला टेकणारा भाग कमी होतो. म्हणूनच 168 वरून 175-177 वर जायला घाबरू नका. उभी धरली की ती तुमच्या डोक्याच्या किंचित वर येईल, पण चालवताना जुन्या 168 पेक्षा लांब वाटणार नाही. वळणाची त्रिज्या 15 ते 18 मीटरच्या दरम्यान असू द्या.

आतल्या बांधणीत एकच गोष्ट नीट समजून घ्या: टायटॅनल. नाव ऐकून टायटॅनियम वाटतं, पण तो अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचे पातळ पत्रे लाकडाच्या वर-खाली घातले की स्की जड आणि शांत होते, तुडवलेल्या बर्फात थरथरत नाही. पण ती वेग मागते. सावकाश, झाडांतून, लहान वळणं घेत जाणाऱ्याला तीच स्की हट्टी वाटते. व्होल्कलची मांत्रा एम6 ही 96 ची स्की उत्तम आहे, पण तुम्ही ज्या संथ, जपून पद्धतीने उतरता त्या पद्धतीला ती दमवेल. नॉर्डिकाची एन्फोर्सर 94 हीसुद्धा धातूची, भक्कम. वर्षभर व्यायाम चालू असेल तरच. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती एलानच्या रिपस्टिक 96 सारख्या स्कीला. तिच्यात कार्बनच्या नळ्या आहेत, वजन कमी, आणि डावी-उजवी वेगळी असते, तेव्हा घालताना खूण पाहून घाला. अ‍ॅटॉमिकची बेंट 100 खोल बर्फात फार गोड चालते, कडक बर्फावर मात्र हलकी पडते. नावांत फार अडकू नका. दुकानात स्कीचं पुढचं टोक धरून दुसऱ्या हाताने मधे दाबा. टोक सहज वाकलं आणि बुटाखालचा भाग घट्ट राहिला, तर ती तुमच्या कामाची आहे.

बाइंडिंगबद्दल आता. तुमचं जुनं बाइंडिंग त्या स्कीच्याच पट्टीवर सरकवून बसवलेलं आहे. अशी पट्टी नसलेल्या सपाट स्कीवर ते बसतच नाही. बसलं असतं तरी मी बसवलं नसतं. आतल्या स्प्रिंगा खाऱ्या हवेत राहिलेल्या, पुढची घसरपट्टी झिजलेली, आणि कारखाने जुन्या बाइंडिंगना काही वर्षांनी आपल्या हमीच्या यादीतून काढतात. मग जाणकार तंत्रज्ञ त्यांना हात लावत नाही. शिवाय ब्रेकची, म्हणजे बूट सुटला की खाली येऊन स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी. 76 च्या स्कीचा ब्रेक 96 च्या स्कीला अडकतो, खाली येतच नाही. नव्या बाइंडिंगचा ब्रेक स्कीपेक्षा थोडा रुंद हवा, पण 15 मिलिमीटरहून जास्त नको, नाहीतर वळणात बर्फाला घासतो. 96 ला 100 किंवा 110 चा घ्या. नवे बूट ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोप्या, किंचित वाकलेल्या रबरी तळव्याचे असतील, तर बाइंडिंगवरही तशी खूण असलीच पाहिजे.

पडताना किती जोराला बूट बाइंडिंगमधून सुटावा तो आकडा, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून निघतो. तुम्ही पुढच्या वर्षी 50 चे व्हाल, आणि त्या तक्त्यात 50 पूर्ण झाले की एक पायरी खाली यायचं असतं. मित्रांच्या आकड्याशी तुलना करून तो वाढवू नका. 3 ते 11 किंवा 4 ते 13 असं बाइंडिंग तुम्हाला पुरेसं आहे. भोकं पाडण्याचं कामही ओळखीच्या सुताराकडे देऊ नका. धातू असलेल्या स्कीला 4.1 मिलिमीटरचा ड्रिल लागतो, नसलेलीला 3.5 किंवा 3.6 चा, आणि खोली 9 मिलिमीटर. किती ते स्कीवरच छापलेलं असतं. प्रत्येक भोकात पाणी न शिरू देणारा गोंद भरायचा. तुमच्या जुन्या स्कीत नेमका तो भरलेला नव्हता.

घाई नसेल तर येत्या फेब्रुवारीत पहिले दोन दिवस गुलमर्गला भाड्याच्या स्कीवर काढा. एक दिवस 90 च्या आसपासची, एक दिवस 100 ची. दोन्हींवर सकाळी तोच उतार, दुपारी तुडवलेल्या बर्फातून तोच रस्ता. संध्याकाळी मांड्यांना विचारा. मार्च-एप्रिलमध्ये सरत्या हंगामाचा माल उतरत्या भावाने निघतो. बऱ्याचदा पुढच्या वर्षी फक्त वरचं चित्र बदलतं, आतली स्की तीच असते. वापरलेली घेणार असाल तर भोकं एकदाच पाडलेली असावीत.

परदेशातून आणणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की या रुंदीची जोडी बाइंडिंगसकट सहा किलोच्या आसपास जाते, बूट चारच्या आसपास. मोपाहून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाताना सामानाची 15 किलोची मर्यादा लगेच भरते. बूट हातातल्या पिशवीत घ्या. सामान उशिरा आलं तर स्की भाड्याने मिळते, पायाला बसलेला बूट मिळत नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. रुंद स्की खोल बर्फात सोपी वाटायला लागते, आणि मग माणूस आखलेल्या वाटेबाहेर जायला धजावतो. अफरवतच्या उतारांवर हिमस्खलन होतं, माणसं गेलेली आहेत. नव्या जोडीच्या बजेटमध्ये ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओयंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) धरा, ते वापरायचा सराव करा, आणि स्की पेट्रोलने, म्हणजे डोंगरावरच्या गस्तीपथकाने, गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवला असेल तर त्या दिवशी खालीच राहा.

आणि नवी जोडी घरी आली की ती माळ्यावर टाकू नका. गुलमर्गहून परतल्यावर बाइंडिंग ओल्या फडक्याने पुसून स्की दोन दिवस पंख्याखाली वाळवा. मग बेसवर आणि एजवर मेणाचा जाड थर इस्त्रीने ओढा आणि तो खरवडू नका, तसाच पुढच्या हंगामापर्यंत राहू द्या. खास मेण नसेल तर पावसाळ्यापुरतं साधं पॅराफिनही चालतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, जुन्या सुती चादरीत ठेवायचं. बुरशी येऊ नये म्हणून आपण कपाटात बारीक दिवा लावतो ना, त्याच कपाटात उभी ठेवा, बुटांची बकलं सैल लावून बूटही तिथेच. चतुर्थीला माटोळीचं सामान काढाल तेव्हा एकदा चादर उघडून एजवरून बोट फिरवा. कुठे खरखरीत लागलं तर तिथेच थोडं मेण चोळा.

पाऊस ओसरला की पुन्हा पेडण्याला या, पण येताना बूट घेऊन या. कवचात पाय घालून पाहू, तळव्याची लांबी मोजू, आणि ते बूट पुढे वापरायचे की नाही ते ठरलं की मगच स्कीची मागणी नोंदवा.